मरून राहिलं

माझी बहीण करुणा गेली बावीस वर्षं सिनेमात आणि मालिकांत काम करते. तुम्ही तिला शंभरदा पाहिलं असेल, नाव मात्र माहीत नसेल. तुमचा दोष नाही. तिचं नाव शेवटच्या पळत्या अक्षरांत येतं आणि तोवर तुम्ही हात धुवायला उठलेले असता.

मी प्रियदर्शनी, तिची धाकटी बहीण. हिंगोलीत एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. मी भांडकुदळ आहे असं आमचं सगळं साखरा गाव म्हणतं आणि या बाबतीत गाव खरं बोलतं. अक्का म्हणाली, लिहायचंच असेल तर राग उतरल्यावर लिही. मी आठ महिने थांबले. राग उतरला नाही, म्हणून आता तसंच लिहिते आहे.

साखरा सेनगाव तालुक्यात, वऱ्हाडाच्या उंबऱ्यावर. आमच्याकडं 'मी जेवते आहे' असं कोणी म्हणत नाही, 'मी जेवून राहिले' म्हणतात. 'बस येऊन राहिली' म्हणजे बस वाटेत आहे, अजून पोचलेली नाही. एवढं व्याकरण ध्यानात ठेवा. पुढं जे झालं ते सगळं या 'राहिली'पायी झालं.

अक्काची पहिली भूमिका डासाची. हिंगोलीला कॉलेजात असताना मलेरियाच्या मोहिमेचं पथनाट्य होतं, सेनगावच्या आठवडी बाजारात. कागदाचे पंख लावून ती लोकांच्या कानाशी गुणगुणत फिरली आणि एका म्हाताऱ्यानं तिला खरोखरच टोपीनं हाणलं. ती म्हणते, त्या दिवशी कळलं की आपल्याला हे जमतंय. तिथून ती औरंगाबादला नाट्यशास्त्र शिकली, स्पर्धांमध्ये दोनदा बक्षीस घेतलं आणि मुंबईला गेली.

मुंबईत पहिल्याच आठवड्यात तिला तिची जागा दाखवण्यात आली. ती जागा जमिनीवर होती. हे मी अलंकारिक बोलत नाही. अक्कानं आजवर जी जी बाई केली, ती उभी तरी असते नाहीतर खाली बसलेली तरी असते. भाजीवाली, सुईण, धुणंवाली, हवालदारीण, मुकादमाची बायको, पळून गेलेल्या पोरीची आई. हिंदीतल्या गुन्ह्यांच्या मालिकांत ती नऊ वेळा मोलकरीण झाली. नऊही वेळा पोलिसांनी तिच्यावर संशय घेतला आणि तीन वेळा तो खरा निघाला. एका मसाल्याच्या जाहिरातीत तोंड दुसऱ्याच गोऱ्या बाईचं होतं आणि जातं फिरवणारे हात अक्काचे.

एका मराठी मालिकेत ती चौदा महिने बंगल्यातली स्वयंपाकीण होती. घरातली माणसं दिवाणखान्यात वीस-वीस मिनिटं एकमेकांना टोमणे मारायची आणि अक्का मागं चहाचा ट्रे धरून उभी. कपांत चहा नसायचा, पण ट्रे जड दिसला पाहिजे, एवढा अभिनय तिच्या वाट्याला. मग एक दिवस कोणीतरी म्हणालं, 'ती गावी गेली.' झालं. चौदा महिन्यांचं काम तीन शब्दांत आटोपलं, आणि तेही तिला टीव्हीवर पाहून कळलं.

एकदाच, एका हिंदी मालिकेत, ऐन वेळी दुसरी कोणी आली नाही म्हणून तिला न्यायाधीश केलं. दोन वाक्यं होती. तिनं मला फोन केला, "पिये, आज खुर्चीत बसून काम केलं." ती हसत होती. मी फोन ठेवून रडले आणि मग रडण्याचाच राग आला.

काम देणारी पोरं मोबाईलवर निरोप टाकतात: 'गावाकडची आई पाहिजे, सावळी, गरीब दिसणारी.' अक्का फोटो पाठवते. तिला याचं काही वाटत नाही असं ती म्हणते. मला वाटतं.

आणि भाषा. गावाकडची म्हणून हिला घ्यायचं आणि हिच्या तोंडून गावाकडचं निघालं की हात वर करून थांबवायचं, ही त्यांची रीत. 'का'ला 'काहून' म्हणू नका ताई, लोकांना कळत नाही. 'लई', 'बगा', 'आवं' असं काहीतरी म्हणा. चार जिल्ह्यांचे चार शब्द एका पातेल्यात घालून त्यांनी एक गावरान भाषा शिजवली आहे. ती महाराष्ट्रातल्या एकाही गावात कोणी बोलत नाही. अक्का ती गुमान बोलते. पोटासाठी बोलते आणि मी तिला त्यावरून कधी बोल लावला नाही. पण एक वाक्य असं होतं की ते तिला आपल्याच भाषेत, आपल्याच आवाजात म्हणायचं होतं.

ते वाक्य आमच्या मायचं, सोजराबाईचं.

१९९० साली, मी जन्मायच्या दोन वर्षं आधी, मायला अकरा महिन्यांचं पोरगं होतं. भीमराज. उन्हाळ्यात त्याला हगवण लागली. वडील परगावी वीटभट्टीवर होते. सकाळी लेकराचे डोळे खोल गेलेले दिसले तसं मायनं त्याला पदरात घेतलं, नऊ वर्षांच्या अक्काचं मनगट धरलं आणि भरल्या जीपमध्ये उभ्यानं मोठ्या गावच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर नवा होता, पश्चिम महाराष्ट्रातला, येऊन आठवडाही झाला नव्हता. कंपाउंडर आमच्याकडचा, तो नेमका त्या दिवशी रजेवर. माय दारातूनच ओरडली, "डॉक्टरसाब, लेकरू मरून राहिलं!"

आमच्याकडं याचा अर्थ एकच. मरतंय, अजून जिवंत आहे, धावा. डॉक्टरला ऐकू आलं, मरून पडलंय. तो म्हणाला, "मग आता घाई कसली, बाई? बसा तिथं."

मायला वाटलं, घाबरण्यासारखं नाही म्हणूनच साहेब घाई कसली म्हणतो. ती बाकावर बसली. त्यानं खोकल्या-तापाचे पेशंट तपासले. अर्धा तास. अक्का सांगते, त्या अर्ध्या तासात भीमराजनं दोनदा तिचं बोट धरलं. डॉक्टर आला तेव्हा नाडी थांबलेली होती. त्यानं कागदावर लिहिलं, 'आणण्यापूर्वीच मृत'.

आमच्या वडिलांना, नरसिंगरावांना, वाचता येत होतं हे आमचं दुर्दैव. त्यांनी मायवर कधी हात उगारला नाही, पण भांडण झालं की ट्रंकेतून तो कागद निघायचा. "मेलेलं लेकरू घेऊन मिरवलीस." आठ वर्षांपूर्वी वारले, तेही हेच मनात धरून. त्यांची बहीण शालूआत्या आमच्या शेजारीच राहते. ती तर पाण्याला जाता-येता ऐकवायची, "घरातच मेलं, अन् ही दवाखान्यात नाटकं कराय गेली." पस्तीस वर्षं माय एकच सांगत आली, "जित्तं व्हतं." कोण ऐकतो? डॉक्टरचा कागद खरा आणि आईचं तोंड खोटं.

मी नर्स झाले ते यामुळंच झाले. दवाखान्यात नवा डॉक्टर आला की पहिल्या दिवशी मी त्याला हे एक वाक्य शिकवते. काहींना हसू येतं. मला येत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका दिग्दर्शकानं अक्काला सिनेमात घेतलं. सिनेमाचं नाव मी लिहिणार नाही, फुकटची जाहिरात कशाला? पस्तिशीचा माणूस, गोड बोलणारा, ऐन फाल्गुनात गळ्यात मफलर. खेड्यातल्या आरोग्यावर त्याला सिनेमा काढायचा होता. तालमीच्या आधी त्यानं सगळ्यांना गोल बसवून आपापल्या आयुष्यातली एक गोष्ट सांगायला लावली. अक्कानं ही सांगितली. तो ढसढसा रडला. म्हणाला, "ताई, हाच माझा सिनेमा." आणि गोष्ट घेऊन गेला.

अक्कानं एकच अट घातली. ते वाक्य जसंच्या तसं राहील. तो म्हणाला, "अर्थात!" लिहून घ्यायला पाहिजे होतं, हे शहाणपण मी आता सांगते. तेव्हा मीही दवाखान्यात पेढे वाटले होते.

शूटिंग कुरुंद्याच्या बाजूला झालं. हळद शिजवायचे दिवस होते आणि त्या माणसाला हळदीच्या वाफेचं भारी कौतुक. दवाखान्याच्या प्रसंगातसुद्धा खिडकीबाहेर कढई पेटवायला लावली. दवाखान्याच्या खिडकीशी हळद कोण शिजवतं? पण आम्ही गप्प बसलो. म्हटलं, वाफ तुझी, वाक्य आमचं. मायला मी मुद्दाम घेऊन गेले होते. अक्का कापडात गुंडाळलेलं बाहुलं छातीशी धरून दारातून आली आणि ओरडली. एकदाच. पुन्हा घ्यावं लागलं नाही. चहावाल्यापासून लाइटवाल्यापर्यंत सगळे जागच्या जागी थांबले. सिनेमातला डॉक्टर म्हणाला, "मग आता घाई कसली?" आणि अक्का बाकावर बसली, ते बसणं मी अजून विसरले नाही.

माय एवढंच म्हणाली, "बराबर. अस्संच म्हणलं व्हतं म्या."

गावी आल्यावर ती पहिली शालूआत्याच्या दारात गेली. "वन्स, सिनेमा येऊन राहिला. त्याच्यात समद्याईला दिसंल. जित्तं व्हतं माझं लेकरू." माझ्या जन्मात तिला आत्याच्या दारात ताठ उभी मी पहिल्यांदा पाहिलं.

नंतर डबिंग झालं, म्हणजे नटांनी स्टुडिओत येऊन आपला आवाज पुन्हा भरायचा. अक्काला बोलावणं आलं नाही. तिनं विचारलं तर तिथली मुलगी म्हणाली, "तुमचा मूळ आवाजच छान आलाय ताई, गरज नाही." अक्का खूश झाली. बावीस वर्षं या लोकांत काढून ती अजून लोकांवर विश्वास ठेवते, हा तिचा एक मोठा दोष आहे.

सिनेमा लागला तेव्हा हिंगोलीत रविवारी सकाळी खास खेळ ठेवला. शाल, नारळ, स्टेजवर माईक, दिग्दर्शकाचा सत्कार. पहिल्या रांगेत माय पांढरी साडी नेसून. तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला शालूआत्या. आत्याला मायनंच आग्रह करकरून आणलं होतं. मोठ्या मनानं नव्हे, साक्षीला.

प्रसंग आला. खिडकीबाहेर वाफ. अक्का दारातून धावत आली, तोंड उघडलं आणि त्यातून दुसऱ्याच बाईचा गोड, रडवेला आवाज आला. "डॉक्टर, माझं लेकरू मेलं वो, मेलं!"

'मरून राहिलं'च्या ओठांवर 'मेलं वो, मेलं' बरोबर बसवलं होतं. कारागिरी उत्तम होती. पुढं बाक नाही, खोकल्याचे पेशंट नाहीत, तो अर्धा तास नाही. सगळं कापलेलं. डॉक्टर धावत आला, नाडी पाहिली, लेकराचे डोळे मिटवले आणि जड आवाजात म्हणाला, "उशीर केलात, आई." व्हायोलिन वाजलं. माझ्या मागं कोणीतरी नाक ओढलं.

ध चा मा झाल्याची गोष्ट आपण शाळेत शिकतो. आमच्या घरात तो दोनदा झाला. एकदा एका परक्या डॉक्टरच्या कानात, आणि एकदा ज्यानं अक्कासमोर बसून रडून गोष्ट घेतली त्याच्या हातून. डॉक्टरला निदान शब्द तरी कळला नव्हता. यानं चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, आणि तीही पडद्याएवढी मोठी करून.

अंधारात माय म्हणाली, "पिये, ह्यो आवाज करुणीचा न्हाई." मग थोड्या वेळानं, "असं तं म्या म्हणलंच न्हाई." मला तिच्याकडं पाहवलं नाही. शालूआत्या पान चघळत पडद्याकडं पाहत होती.

सिनेमा संपला, दिवे लागले, अक्काला स्टेजवर बोलावलं. निवेदक म्हणाला, हिंगोलीची लेक, टाळ्या. अक्कानं शाल घेतली नाही. माईक घेतला. स्टेजवर मोठ्यांदा बोलणं तिच्या स्वभावात नाही. "हे वाक्य मी असं म्हटलं नव्हतं," ती म्हणाली. "मी असं म्हटलं होतं." आणि तिनं माईक खाली करून ते वाक्य म्हटलं. बाहुलं नव्हतं, वाफ नव्हती. मागून एक बाई म्हणाली, "व्हय, अस्संच म्हंतेत आमच्यात."

दिग्दर्शक हसला. चिडला नाही, तेवढा तो हुशार आहे. म्हणाला, "ताईंचं दुःख मी समजू शकतो. पण पुण्यात आम्ही काही लोकांना सिनेमा दाखवला, कोणालाच कळेना. लेकरू मेलेलं आहे तर डॉक्टर थांबवतो यात त्याची चूक काय? म्हणून प्रसंग टाईट केला आणि शब्द सोपा केला. शेवटी मेलं काय आणि मरून राहिलं काय, भावना तीच ना?"

मी उठणारच होते. शिव्यांची जुळवाजुळव झाली होती. पण माझ्या आधी माय उठली. माईक नाही, काही नाही, जागेवरूनच.

"तीच कशी, साहेब?" ती म्हणाली. "मेलं म्हणलं की मान्सं बसतेत. मरून राहिलं म्हणलं की पळावं लागते. म्या पळा म्हणलं व्हतं. तुमी काहून बसले?"

तिनं हे कोणाला विचारलं, त्याला की त्या डॉक्टरला, मला सांगता येणार नाही. तिच्या दृष्टीनं दोघं एकच असावेत. क्षणभर दिग्दर्शकाच्या तोंडावरचं हसू गेलं. मग तो स्टेजवरून उतरला, डोळे पुसले, आणि वाकून मायच्या पाया पडला. फोटोवाले धावले. निवेदक ओरडला, या माउलीसाठी जोरदार टाळ्या. लोकांनी वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, दिग्दर्शक आईच्या चरणी नतमस्तक. माय काय बोलली त्याचं एक अक्षर त्यात नव्हतं. चार ओळींत अक्काचं नावही चुकवलेलं.

अक्कानं नंतर त्याला तीन फोन केले. वाक्य बदला, मी येऊन आवाज देते, एक पैसा नको. तो म्हणाला, "ताई, आता फाईल पुढं गेली." चौथ्यांदा त्यानं फोन उचलला नाही. तेव्हापासून अक्का काम घेताना कागदावर लिहून मागते, की माझ्या तोंडात माझाच आवाज राहील. समोरचे 'विचारून सांगतो' म्हणतात. आठ महिन्यांत तिला दोन कामं मिळाली. एकात ती मुकी आहे. ती हे विनोद म्हणून सांगते, पण मला तो विनोद वाटत नाही.

गेल्या महिन्यात सिनेमा मोबाईलवर आला. शालूआत्याच्या नातवानं तो प्रसंग तेवढा कापून घेतला आणि आता तो तुकडा गावभर फिरतोय, आपल्या साखऱ्याची हिरोईन म्हणून. कौतुकानंच फिरतोय, हे मी मान्य करते. एका दुपारी आत्या मोबाईल घेऊन मायच्या ओसरीत आली. मी तिथंच होते, रजा टाकून गेलेली. आत्यानं मोबाईल मायच्या तोंडापुढं धरला. मेलं वो, मेलं. पुन्हा लावला. मेलं वो, मेलं.

"ऐकलं का, सोजरा?" आत्या म्हणाली. आवाजात कुचकेपणा नव्हता, तेच वाईट होतं. समजूत घालायला आल्यासारखी बोलत होती. "आता तरी मान. आमी म्हणलो तं खोटं. आता तं तुझ्या लेकीच्याच तोंडून निघालं."

"तो आवाज तिचा न्हाई, वन्स."

"आवाजाचं मला काय कळते माय? तोंड तं तिचंच हाय."

मी आत्याला जे बोलायचं ते बोलले, आजूबाजूच्या चार घरांनी ऐकलं, आणि आत्या रागारागानं निघून गेली. माय दुपारभर गहू निवडत बसली. दिवस कलताना सूप बाजूला ठेवून तिनं मला जवळ बोलावलं.

"पिये, तुला मोबाईलमधलं कळते. सिनेमा राहू दे. करुणीचं काम हाय, राहू दे. तेवढा एक शब्द काढता येते का त्याच्यातून?"

"न्हाई येत, माय."

"कोनालाच न्हाई?"

"ज्याला येते त्यानं फोन ठेवून देला."

माय म्हणाली, "म्हंजे लेकरू आता मेलेलंच नेलं म्या." आणि गहू पुन्हा पुढं ओढून घेतले.